खलाशी कैदेत का?

आज पहाटे ससून डॉकवर एका तांडेलकाकांशी, म्हणजे बोटीच्या कप्तानाशी, बोलणं झालं. त्यांच्या नात्यातला पालघरकडचा मुलगा गुजरातच्या बोटीवर खलाशी होता. पाकिस्तानने बोट पकडली, सगळे कराचीच्या तुरुंगात. घरी पैसे येणं त्याच दिवशी बंद.

कच्छ आणि सिंधच्या मधल्या सर क्रीक या खाडीतली सीमा दोन्ही देशांनी अजून ठरवलेली नाही, त्यामुळे पुढे समुद्रातली हद्दही वादातच. रात्री जाळं ओढताना बोट प्रवाहाबरोबर कुठे सरकली, हे खलाशाला कसं कळावं? आपणही त्यांचे मच्छीमार पकडतो, हेही खरंच.

भारत-पाकिस्तानमधल्या २००८ च्या करारानुसार दरवर्षी एकमेकांना १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या दिल्या जातात. शिक्षा संपून नागरिकत्वाची खात्री पटली की महिन्याभरात सोडायचं, असंही त्यात लिहिलंय. तरी माणसं वर्षानुवर्षं अडकतात. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याचं ७३ वं कलम तर म्हणतं, विशेष आर्थिक क्षेत्रातल्या (किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रातल्या) मासेमारीच्या गुन्ह्याला, दोन देशांत वेगळा करार नसेल तर, तुरुंगवास नकोच. दोघांनाही हा कायदा मान्य आहे! मग बोट अडवा, दंड करा, पण हातावर पोट असलेल्या माणसाला परत पाठवा.

काकांचा तो मुलगा सुटून आलाय. पुन्हा बोटीवरच जातो.