धुतलेलं दुपटं

आज भाचीचं दुपटं धुऊन टाकलं. मळकट, एक कोपरा चोखून चोखून पार विरलेला. वाळल्यावर हातात दिलं तर तिने वास घेतला, फेकून दिलं आणि रडत सुटली. कुशीत घेतलं तरी थांबेना.

मग विनिकॉट आठवले. बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. त्यांच्या मते असं दुपटं म्हणजे बाळाचं आतलं जग आणि बाहेरचं जग यांच्या मधल्या जागेतली, बाळाने स्वतः निवडलेली वस्तू. ती धुतली की बाळाच्या अनुभवाचा धागा तुटतो, म्हणून आई ती मळूच देते, हे त्यांनी १९५३च्या निबंधात लिहिलंय. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने मुलाच्या मानसिक वाढीच्या ज्या मुख, गुद वगैरे अवस्था सांगितल्या, त्यांपेक्षा मला हे जास्त पटतं. इथे बाळ डोळ्यांपुढे दिसतं.

झोपताना तिने तोच कोपरा पुन्हा तोंडात घातला. बराच वेळ चोखत राहिली.