शिरोरेषेला ताणलेला फटकारा: सुलेखनाचा आर्ट ब्रश करताना

चपट्या ब्रशने कार्ट्रिज पेपरवर काळ्या शाईचा आडवा फटकारा ओढायचा, 600 डीपीआयला ग्रेस्केल स्कॅन करायचा, अ‍ॅडोबीच्या इलस्ट्रेटर या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये इमेज ट्रेस (स्कॅनमधून आकार काढणं), एक्स्पांड (ते आकार सुटे करणं), आणि तो ब्रशेस पॅनेलवर ड्रॅग करून ‘आर्ट ब्रश’ निवडायचा. इथवर काही अडत नाही. अडतं ते शिरोरेषेपाशी. तिथे काय करायचं हे धड कुणी सांगत नाही, याची चीड मला अजून आहे.

आर्ट ब्रश एकच फटकारा रेघेच्या लांबीइतका ताणतो. इंग्रजी अक्षरांना ते चालून जातं, कारण त्यांत एवढी लांब रेघ क्वचितच येते. ‘महाराष्ट्र’ लिहिलं की शिरोरेषा कान्याच्या कितीतरी पट लांब. कोरड्या ब्रशचे पांढरे चरे तिच्यात रबरासारखे ताणले जातात आणि मात्रेत तेच चरे दाटून काळा गोळा होतो. एकाच शब्दाला दोन हात लागल्यासारखं दिसतं. ‘स्केल प्रपोर्शनेटली’ घेतलं तर लांबीबरोबर जाडीही वाढते आणि शिरोरेषा अक्षरांवर बसते. स्ट्रोक वेट कमी करून जाडी आवरते, पण मग प्रत्येक शब्दाला नवा आकडा शोधत बसा.

उपाय आहे ‘स्ट्रेच बिटवीन गाइड्स’. पॅनेलमधल्या ब्रशवर डबल-क्लिक केलं की ब्रश स्केल ऑप्शन्समध्ये हा तिसरा पर्याय सापडतो. प्रिव्ह्यूमध्ये दोन तुटक रेषा येतात. ताण फक्त त्यांच्या मधल्या भागाला बसतो. पहिली रेषा शाई दाट टेकलेलं डोकं संपतं तिथे, दुसरी चरे सुरू होतात तिथे. 400 पॉइंट लांब फटकाऱ्यात मी डोक्याला साधारण 60 आणि शेपटीला 120 पॉइंट सोडतो.

पण मधला भाग भरीव नसेल तर याचा काही उपयोग नाही, कारण तिथली भोकंच लांब होतात. म्हणून फटकारा ओढतानाच ब्रश शाईने भरलेला हवा, दाब मध्यापर्यंत सारखा हवा आणि वेग फक्त उचलताना. तरी भोकं राहिलीच तर डायरेक्ट सिलेक्शनने निवडून उडवायची. मात्रेसाठी आणि रफारासाठी वेगळा आखूड ब्रश कराच. डोकं आणि शेपूट मिळूनच रेघेपेक्षा लांब झाली तर गाइड्स काय सांभाळणार?

ट्रेसबद्दल राहिलं: इग्नोअर व्हाइट (नव्या आवृत्त्यांत ‘इग्नोअर कलर’, त्यात पांढरा निवडून) चालू हवं, नाहीतर चऱ्यांच्या जागी भोकांऐवजी पांढरे आकार येतात आणि रंगीत पार्श्वभूमीवर ते उघडे पडतात. नॉइज वाढवून बारीक ठिपके गाळा. प्रत्येक ठिपका पुढे प्रत्येक रेघेत येतो आणि फाइल जड होते. आर्टवर्क शुद्ध काळं ठेवून ब्रशच्या पर्यायांत कलरायझेशन ‘टिंट्स’ केलं की स्ट्रोकचा रंग बदलला तरी ब्रश तोच राहतो.

तीव्र वळणावर पोत दुमडतो, फाटतो. ओव्हरलॅपचं बटण थोडं सावरतं, पण खरा इलाज म्हणजे हात जिथे उचलतो तिथेच पाथ, म्हणजे ब्रश लावलेली रेघ, तोडणं. ‘क’ची गाठ, दांडा आणि उजवा वळसा हे तीन वेगळे पाथ. कात्रीसाठी ‘सी’ दाबा.

जाड-बारीकपणाची अपेक्षा मात्र आर्ट ब्रशकडून ठेवू नका. त्याला टाकाचा कोन कळत नाही. त्यासाठी कॅलिग्राफिक ब्रश घ्या, आणि प्रिव्ह्यूमधली चपटी टीप डावीकडून उजवीकडे खाली उतरती ठेवा. लॅटिन लिपीची उलट असते. आर्ट ब्रशच्या एखाद्याच रेघेत फुगवटा हवा असेल तर विड्थ टूल, शिफ्ट-डब्ल्यू.

एवढं जमलं की शिरोरेषा कितीही लांबवा, अँकर पॉइंट हलवा, फटकारा जिवंत राहतो. हातानं ओढलेली रेघ नंतर दुरुस्त करता येते, हे सुख मला फार मोठं वाटतं.

छपाईला देताना जिवंत, म्हणजे ब्रश बदलता येईल अशी, प्रत लपवलेल्या लेअरवर ठेवा आणि दुसरीवर एक्स्पांड अपीअरन्स करा, की रेघेचा साधा आकार होतो. एक्स्पांडनंतर मूळ पाथ रंगाविना आत राहतो. तो ऑब्जेक्ट, पाथ, क्लीन अप मधून ‘अनपेंटेड ऑब्जेक्ट्स’ निवडून काढा, मग पाथफाइंडरमध्ये युनाइट करून सगळे आकार एक करा. रेडियम कापणाऱ्या प्लॉटरला फाइल जाणार असेल तर युनाइट चुकवू नका. एकमेकांवर चढलेल्या रेघांच्या आतल्या कडाही तो कापत जातो.