काटकोनांची नोंदवही : कोपरे सोडून पुढे

वहीत नवा टप्पा सुरू झालाय. दार, खिडकी, फरशी, पुस्तक यांच्या नोंदी पुष्कळ झाल्या. आता कोपरा नाही तिथला काटकोन हुडकतोय. एक नियमही पक्का केलाय: डोळ्याला काटकोन वाटला एवढ्यावर नोंद करायची नाही. टेबलावरचं पुस्तक तिरकं पाहिलं की त्याचा एकही कोपरा काटकोनी दिसत नाही, आणि उलट, थोडा विशाल असलेला कोन ठरावीक बाजूने अगदी चोख वाटतो. फोटोवरून ठरवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं.

तपासायला कागदाचा कसाही फाटलेला कपटा पुरतो. एकदा दुमडला की सरळ कड मिळते. ती कड स्वतःवरच तंतोतंत बसेल अशी पुन्हा दुमडली की १८० अंशांचे दोन सारखे भाग होतात आणि काटकोन हातात येतो. गुण्या वापरत असाल तर आधी त्याचीच परीक्षा घ्या. सरळ कडेला टेकवून रेघ मारा, मग गुण्या पालथा करून त्याच बिंदूतून पुन्हा मारा. रेघा एकावर एक बसल्या तर गुण्या खरा. त्या फाकल्या, तर जेवढा कोन दिसतो त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. चूक दुप्पट होऊन दिसते, म्हणून ही परीक्षा मला फार आवडते.

मोठ्या वस्तूला टेप लागते. टेबलाच्या कोपऱ्यापासून एका कडेवर ६० सेंमी, दुसरीवर ८० सेंमीची खूण करा. खुणांमधलं अंतर १०० सेंमी भरलं की काटकोन. ते १ मिमी जास्त भरलं तर कोन जेमतेम ०.१२ अंशाने मोठा असतो. एवढं बारीक कपट्याने कधीच कळणार नाही. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून सारखे आले की बरेच जण खूश होतात, पण समोरासमोरच्या बाजूही सारख्या हव्यात. समद्विभुज समलंब चौकोनाचे कर्णही सारखेच असतात, आणि त्यात एकही काटकोन नसतो.

आता या टप्प्यातली माझी सगळ्यात लाडकी नोंद: षट्कोनी नट. कोपरे सगळे १२० अंशांचे, काटकोनाचा मागमूस नाही. नट कागदावर ठेवून पेन्सिलीने भोवती गिरवला. मग एका कोपऱ्यापासून मधला एक सोडून पुढच्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली. कोपऱ्यावर एक चपटा त्रिकोण कापला गेला, त्याचे टोकाचे कोन ३०-३० अंशांचे. १२० मधून ३० गेले, उरले ९०! ही रेघ पुढच्या बाजूला काटकोनात भेटते. कपटा लावला, बरोबर बसला.

बरणीच्या झाकणात तर कोपराच नाही. गिरवलेल्या वर्तुळाच्या कडेवर कपट्याचं टोक ठेवा. त्याच्या दोन कडा वर्तुळाला जिथे छेदतात ते बिंदू जोडले की व्यास मिळतो, कारण अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो. दुसऱ्या जागी हेच केलं की दोन व्यास छेदतात तिथे केंद्र. समभुज चौकोन आणि पतंग यांचे कर्ण एकमेकांना काटकोनात छेदतात हे बहुतेकांना ठाऊक आहेच, त्यावर वेळ घालवत नाही.

घड्याळाचंही पान केलंय. ३ वाजता काटकोन, ९ वाजता काटकोन, पण साडेतीनला नाही. तेव्हा काट्यांमध्ये ७५ अंश असतात. ३ नंतरचा काटकोन ३ वाजून ३२ मिनिटं ४४ सेकंदांच्या सुमारास येतो. १२ तासांत असे २२ येतात.

सध्या पंचकोनांच्या मागे आहे. पंचकोनात चार काटकोन बसत नाहीत: कोनांची बेरीज ५४०, त्यातून ३६० गेले की पाचव्याला १८० उरतात, म्हणजे तो कोपराच राहत नाही. तीन मात्र बसतात, आणि त्याचा नमुना फोनमध्येच आहे: सिमकार्ड, एक कोपरा तिरका कापलेला. त्याचे कोपरे किंचित गोलसर असल्यामुळे कपटा टोकाला न लावता कडांना लावावा लागतो. असे तीन काटकोनांचे आणखी पंचकोन दिसले तर जरूर कळवा, नोंदीला घेतो.