चार दिवसांत गेलेले मुरूम

जून महिन्यात माझी भाची वडगावहून आमच्याकडे बेळगावच्या टिळकवाडीत राहायला आली होती. ती नववीत आहे. सकाळी सगळे चहा घेत असताना ती खिडकीपाशी हातातला आरसा तिरका धरून कपाळावरची पुळी दोन नखांत दाबत उभी होती. मी जवळ जाताच तिने आरसा पालथा ठेवला. वर्गातल्या मुली तिला ‘मोडवे’ (कन्नडात मुरूम) म्हणून चिडवतात आणि घरी आजी ‘अंगात उष्णता आहे’ म्हणते, म्हणजे कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत तिला आपल्या चेहऱ्याविषयी ऐकून घ्यावे लागते. मग तिने पिशवीतून एक ट्यूब काढून दाखवली. औषधाच्या दुकानदाराने चिठ्ठी न बघता दिलेली. डबीवर बारीक अक्षरांत बीटामेथासोन असे लिहिले होते आणि ते वाचून माझ्या पोटात गोळा आला.

बीटामेथासोन हे स्टिरॉइड आहे. मी सतरा वर्षांची असताना आमच्या भागातल्या एका दुकानातून असेच मलम आणून लावले होते. चार दिवसांत मुरूम बसले, चेहरा उजळला, आणि मी ते मलम जवळजवळ वर्षभर लावत राहिले. बंद केले की पहिल्यापेक्षा जास्त मुरूम उठत, म्हणून पुन्हा लावायचे. हळूहळू गालांची कातडी पातळ झाली, उन्हात गेले की चेहरा लाल होऊन आग होई, हनुवटीवर लव वाढली. स्टिरॉइडमुळे सूज तात्पुरती दबते, मुरमाचे मूळ तसेच राहते आणि त्वचा मलमाच्या सवयीची होऊन बसते. त्वचारोगतज्ज्ञांकडे अशा चेहऱ्यांची रांग असते. ही मलमे चिठ्ठीशिवाय विकायची नसतात, तरीही ती सहज मिळतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मुरूम का येतो, हे भाचीला मी वहीवर काढून दाखवले. वयात येताना शरीरात अँड्रोजन ही पुरुषी म्हटली जाणारी संप्रेरके (हार्मोन्स) वाढतात (मुलींच्याही), आणि त्वचेतल्या तेलग्रंथी जास्त तेल तयार करू लागतात. त्याच वेळी केसाच्या छिद्रातल्या मृत पेशी नीट न गळता तेलात चिकटून बूच बसते. बूच बंद राहिले तर पांढरा ठिपका दिसतो. छिद्राचे तोंड उघडे राहिले तर हवेच्या संपर्काने तो काळा पडतो. हा काळेपणा मळ नव्हे, त्यामुळे चेहरा घासून तो जात नाही. आत साठलेल्या तेलात क्युटिबॅक्टेरियम अॅक्नेस हा जिवाणू वाढतो, आजूबाजूला सूज येते आणि लाल, पू भरलेली पुळी तयार होते. ती नखाने दाबली की सूज आणखी खोल जाते, आणि खड्डा किंवा डाग मागे राहण्याची शक्यता वाढते. आपल्या सावळ्या वर्णात मुरूम गेल्यावरही तपकिरी डाग कित्येक महिने राहतात, आणि ऊन लागले की ते गडद होतात.

आजीने तिचे तळण बंद केले होते. तळलेल्या पदार्थांचा संबंध तितका पक्का नाही. मात्र साखर आणि मैद्याचे पदार्थ, काही जणांत दूध, तसेच व्यायामशाळेत मुले घेतात ती व्हे प्रोटीनची पावडर यांनी मुरूम वाढू शकतात. म्हणून कुंदा (आमच्याकडची दुधाची मिठाई) रोज खाऊ नये, पण सणाला खाल्ला म्हणून कुणी अपराधी वाटून घेऊ नये. आमच्या घरात खरी अडचण निघाली केसांच्या तेलाची. रोज रात्री चापून लावलेले तेल कपाळावर उतरत होते आणि भांगाखालच्या पट्ट्यातच मुरूम दाट होते. लिंबू आणि टूथपेस्ट मात्र कुणीही लावू नये, त्वचा भाजते.

‘तारुण्यपीटिका’ या शब्दामुळे हा आजार तरुणपणीच येतो असे वाटते. मला तेहतिसाव्या वर्षी पुन्हा हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने मुरूम आले, पाळीच्या आठवडाभर आधी दर महिन्याला. मोठ्या वयातल्या बायकांत ही तक्रार बरीच आढळते. पाळी अनियमित असेल किंवा चेहऱ्यावर केस वाढत असतील, तर पीसीओएसची (अंडाशय आणि संप्रेरकांच्या बिघाडाची) तपासणी करून घ्यावी, कारण तेव्हा उपचार संप्रेरकांच्या बाजूने करावे लागतात.

भाचीला मी त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. आमच्या आधीच्या आजोबांशी डॉक्टर कन्नडात बोलत होते, आमच्याशी मराठीत बोलले. स्टिरॉइड तीन आठवड्यांपूर्वीच सुरू झाले होते, हे तिचे नशीब. त्यांनी ते बंद केले, दिवसातून दोनदाच सौम्य साबणाने तोंड धुवायला सांगितले, रात्री अडॅपलिन (छिद्रे बुजू न देणारे मलम) आणि सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड (जिवाणू मारणारे मलम) दिले. अडॅपलिन वाटाण्याच्या दाण्याएवढे घेऊन पूर्ण चेहऱ्याला लावायचे, नुसते पुळीवर नाही. पहिले काही आठवडे कातडी कोरडी पडून सोलते आणि मुले तिथेच औषध सोडतात. गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. मुरूम जास्त असतील तर डॉक्सिसायक्लिनसारख्या प्रतिजैविकाच्या (अँटिबायोटिक) गोळ्या तीन-चार महिन्यांपुरत्या, सोबत बेंझॉइल पेरॉक्साइड ठेवून देतात, म्हणजे जिवाणू औषधाला दाद देईनासे होत नाहीत. खोल गाठी आणि खड्डे पडू लागले तर आयसोट्रेटिनोइन हे पोटात घ्यायचे औषध फार प्रभावी ठरते, पण ते गरोदरपणात घेतल्यास बाळाला गंभीर व्यंग होऊ शकते. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय, आणि मैत्रिणीला गुण आला म्हणून, ते कधीही घेऊ नये.

जुलैत ती रडत म्हणाली होती, “मावशी, वाढलेच की गं.” तिने औषध सोडले नाही. बेंझॉइल पेरॉक्साइडने तिच्या निळ्या अभ्र्यावर पांढुरके ठिपके पडले, तेव्हा आम्ही पांढरा अभ्रा आणला. आता गणपती होऊन गेले आहेत. कपाळावर दोन नव्या पुळ्या आहेत, गालावरचे तपकिरी डाग फिके झाले आहेत, आणि गौरीच्या फोटोत ती आईच्या मागे न लपता पहिल्या रांगेत बसली आहे. अडॅपलिन अजून काही महिने लावायचे आहे.