एक स्टार, पाच स्टार आणि न उघडलेलं पान

टाय-इन कादंबरीचे, म्हणजे एखाद्या मालिकेवर किंवा चित्रपटावर बेतलेल्या कादंबरीचे, अभिप्राय वाचायला बसलं की सरासरी स्टार सगळ्यात शेवटी बघावेत. आधी बघायची ती अभिप्रायाची तारीख आणि वाचकाने पुस्तक कोणत्या रूपात वाचलं ते. साध्या कादंबरीत वाचक पुस्तकाबद्दल बोलतो. टाय-इनमध्ये तो पुस्तक आणि पडदा यांच्यातल्या अंतराबद्दल बोलतो, आणि पडदा दर सीझनला सरकत असतो.

पुस्तक पुनर्मुद्रणाला जाण्याआधी त्याचे अभिप्राय चाळून संपादकांना टिपण द्यायचं, हे माझं काम. दुरुस्त करण्यासारखं काय आणि सोडून देण्यासारखं काय, एवढंच त्यात लिहायचं. त्या दिवशी समोर आलेली कादंबरी एका अंतराळ-मालिकेवरची होती. पाच स्टारवाले भरपूर, एक स्टारवाले भरपूर, मधल्या तीनवाल्यांचा पत्ताच नाही. विक्री विभागाचं म्हणणं, कोणीतरी टोळी करून स्टार पाडतंय. संपादकांचं म्हणणं, लेखकाने मालिका धड पाहिलेलीच नाही. दुपारपर्यंत दोन्ही अंदाज बाद झाले.

एक स्टारवाल्यांची मोठी तक्रार एकच होती. जहाजाची सुरक्षा अधिकारी तिसऱ्या सीझनच्या मध्यावर मारली जाते. कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात मात्र ती धडधाकट, कॅप्टनशी हुज्जत घालत उभी. लेखकाला एवढंही माहीत नसावं? गंमत म्हणजे पाच स्टारवाल्यांना नेमकं तेच भावलं होतं: गेलेल्या पात्राची आणखी एक मोहीम वाचायला मिळाली. पात्र तेच, प्रसंग तोच, आणि मतं दोन टोकांना. असं दिसलं की लेखनाचा दर्जा बाजूला ठेवायचा आणि या दोघांच्या हातात एकच पुस्तक पडलंय का, ते आधी तपासायचं.

चाळणीची रीत ठरलेली आहे. पार्सल उशिरा आलं, मुखपृष्ठ दुमडलं, किंमत जास्त आहे, असले अभिप्राय आधी बाहेर. उरलेल्यांसमोर चार रकाने: तारीख, रूप (छापील, ई-बुक, ऑडिओ), वाचकाने मालिका कुठपर्यंत पाहिली आहे, आणि त्याने नाव घेऊन सांगितलेली पहिली ठोस गोष्ट. चौथा रकाना भरता आला नाही तर तो अभिप्राय वेगळ्या ढिगात. ‘भन्नाट’ आणि ‘भिकार’ यांचं संपादकाने करायचं काय? तिसरा रकाना मात्र चिकाटीने भरावा लागतो. वाचक आपण किती पाहिलंय ते क्वचितच सरळ सांगतो, पण तो कोणाला ‘नवा डॉक्टर’ म्हणतो, कोणत्या शत्रूला ‘जुना’ म्हणतो, यावरून सीझन कळतो.

रूपानुसार गठ्ठे लावले आणि मेलेल्या अधिकाऱ्याची तक्रार जवळजवळ सगळी ई-बुकच्या गठ्ठ्यात जाऊन बसली. छापीलमध्ये ती नावालाच होती. ऑडिओमध्ये नव्हतीच.

कारण पहिल्या प्रकरणाच्या आधीच्या पानावर होतं. मालिकेच्या कथाक्रमात ही गोष्ट कुठे बसते, अमुक एपिसोडनंतर आणि तमुकच्या आधी, हे सांगणारी दोन ओळींची टीप टाय-इनच्या सुरुवातीला द्यायची पद्धत आहे. ‘स्टार ट्रेक’ या अंतराळ-मालिकांवरच्या कादंबऱ्यांत ती ‘हिस्टोरियन्स नोट’ म्हणून ओळखीची आहे. आमच्या पुस्तकातही ती होती: घटना दुसऱ्या सीझनच्या अखेरीच्या, म्हणजे अधिकारी जिवंत असतानाच्या. छापील पुस्तकात अर्पणपत्रिकेनंतर पान उलटलं की टीप समोर येते. ऑडिओत निवेदक ती वाचूनच पुढे जातो. ई-बुक मात्र बऱ्याच यंत्रांवर मुखपृष्ठापासून उघडत नाही. मजकूर कुठून सुरू होतो याची एक खूण फाइलमध्ये असते आणि यंत्र वाचकाला थेट तिथे नेऊन सोडतं.

फाइल उघडून पाहिली. ईपबच्या, म्हणजे ई-बुकच्या फाइलच्या, आत ‘लँडमार्क्स’ नावाचा भाग असतो, त्यात ‘बॉडीमॅटर’ची, म्हणजे मुख्य मजकुराच्या सुरुवातीची नोंद. ती पहिल्या प्रकरणाकडे बोट दाखवत होती. टीप त्याच्या आधीच्या फाइलमध्ये, शीर्षकपान आणि हक्कसूचनेच्या रांगेत. मागे पान उलटत गेलं तर सापडते, पण नव्या पुस्तकात मागे जातो कोण? बरं, मलपृष्ठावरच्या मजकुरातही काळाचा उल्लेख नव्हता; तिथे ‘थरारक नवी मोहीम’. ‘नवी’ म्हटल्यावर वाचक ती चालू सीझनची धरणारच. त्याची यात काडीचीही चूक नाही.

एवढ्याने सगळे एक स्टारवाले सुटले नाहीत. दुसरा झुबका तारखेने पकडला गेला. कादंबरीत कॅप्टनच्या लहानपणाचं एक प्रकरण आहे. पुस्तक आल्यानंतरच्या सीझनमध्ये मालिकेने त्याचं लहानपण पूर्ण वेगळं दाखवलं. त्या एपिसोडच्या आधीच्या अभिप्रायांत हे प्रकरण पुस्तकातलं सर्वोत्तम, नंतरच्यांत ‘खोटं’. टाय-इनचा आराखडा आधी मालिकेच्या हक्कधारकांकडे मंजुरीला जातो, मग हस्तलिखित जातं, मग छपाई. त्यांनी मान्य केलेली गोष्टही पुढचे पटकथाकार बदलू शकतात, कारण पुस्तकाचं बंधन मालिकेवर नसतं. बंधन आहे ते फक्त उलट दिशेला.

या क्षेत्रात हे जुनंच आहे. ‘स्टार ट्रेक’मधली ‘डीप स्पेस नाइन’ ही मालिका 1999 मध्ये संपली आणि 2001 पासून कादंबऱ्यांनी तिची गोष्ट पुढे नेली. तिच्याभोवती ‘स्टार ट्रेक’च्या इतर कादंबऱ्याही गुंफल्या जाऊन जवळजवळ स्वतंत्र विश्व उभं राहिलं. 2020 मध्ये ‘स्टार ट्रेक’चीच ‘पिकार्ड’ मालिका आली, तिचा इतिहास वेगळा निघाला, आणि 2021 मध्ये ‘कोडा’ ही तीन पुस्तकांची माला काढून ते विश्व रीतसर मिटवावं लागलं. क्वचित वारं उलटं वाहतं. ‘स्टार ट्रेक’मधल्या सुलू या पात्राचं ‘हिकारू’ हे नाव व्होंडा मॅकिंटायर यांच्या 1981 च्या कादंबरीतून आलं आणि 1991 च्या सहाव्या चित्रपटात पडद्यावर उच्चारलं गेलं. पॉल कॉर्नेल यांची 1995 ची ‘डॉक्टर हू’ कादंबरी ‘ह्यूमन नेचर’ 2007 मध्ये त्यांनीच पडद्यासाठी लिहिली, तीही नायक डॉक्टरचा वेगळा अवतार घेऊन. ‘बॅबिलॉन 5’ या अंतराळ-मालिकेचे कर्ते जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की यांनी तर कॅथरिन ड्रेनन यांची 1997 ची कादंबरी मालिकेच्या इतिहासाचा भाग मानली. पण हे अपवाद आहेत. कॅप्टनच्या लहानपणावरचे नंतरचे सगळे अभिप्राय मी ‘भांडण पडद्याशी’ असा शेरा मारून वेगळे काढले. त्यावर पुस्तकात करण्यासारखं काही नव्हतं.

‘शेवटी काहीच बदलत नाही’ ही तक्रार तर चालू मालिकेच्या प्रत्येक टाय-इनला येते. कोणाला मारायचं नाही, कोणाचं लग्न लावायचं नाही, जहाज जसं घेतलं तसं परत द्यायचं, अशा अटींवरच लेखक लिहायला बसतो. जाणते लेखक मग बदल पाहुण्या पात्रांवर घडवतात. इथेही तसंच केलं होतं. तक्रार नोंदवली आणि पुढे गेले.

उरलेल्या अभिप्रायांत एक गोष्ट तिन्ही गठ्ठ्यांत होती, एपिसोडच्या आधीही आणि नंतरही, अगदी चार स्टार देणाऱ्यांतसुद्धा: मुख्य इंजिनिअर त्याच्यासारखा बोलत नाही. माझ्या हिशेबी अशी तक्रार हाच खरा ऐवज. तारीख बदलली, रूप बदललं, तरी जी टिकते ती पुस्तकाची स्वतःची. पडद्यावर हा माणूस क्रियापद वाचवून बोलतो. दुरुस्तीला किती वेळ, असं विचारलं की म्हणणार, ‘सहा तास. वीज मिळाली तर.’ कादंबरीत त्याच प्रश्नाला उत्तर येतं: ‘कॅप्टन, मला वाटतं आपण जर दुय्यम यंत्रणेतून वीज वळवू शकलो, तर साधारण सहा तासांत हे काम पूर्ण होऊ शकेल.’ माहिती तीच, माणूस दुसरा. टाय-इनचा वाचक संवाद नटाच्या आवाजात वाचतो. आवाज बसला नाही की बाकी कथानक कितीही घट्ट असो, तो बाहेर फेकला जातो.

असं का झालं, ते पटकथा पाहिल्यावर उलगडलं. लेखकाला संदर्भासाठी पहिल्या सीझनच्या पटकथा दिल्या होत्या आणि त्यांत इंजिनिअरची वाक्यं लांबच आहेत. सेटवर नटाने ती छाटली. पटकथेत एक आणि पडद्यावर दुसरं, हेही नवं नाही: 1967 पासून जेम्स ब्लिश यांनी ‘स्टार ट्रेक’च्या भागांच्या कथा केल्या त्या पटकथांवरूनच, म्हणून त्यांतले कितीतरी तपशील पडद्यापेक्षा वेगळे आहेत. तेव्हा घरी भाग पुन्हा लावून पाहायची सोय नव्हती, म्हणून खपून गेलं. आताचा वाचक पुस्तक मिटून तो प्रसंग लावतो आणि ताडून बघतो.

टिपणात तीन दुरुस्त्या गेल्या. काळाची ओळ पहिल्या प्रकरणाच्या मथळ्याखालीच घ्यावी, म्हणजे फाइल कुठूनही उघडली तरी ती चुकणार नाही. मलपृष्ठावरचा ‘नवी’ काढून तिथे सीझन लिहावा. आणि इंजिनिअरचे संवाद लेखकाने एपिसोड पाहून पुन्हा छाटावेत, मात्र पानांची संख्या हलू न देता. शेवटच्या दुरुस्तीला हक्कधारकांची नव्याने मंजुरी लागते, त्यामुळे ती पुढच्या आवृत्तीवर गेली. पहिल्या दोन लगेच झाल्या. ई-बुकची नवी फाइल चढली, पण आधी विकत घेतलेल्यांच्या यंत्रांवर ती आपोआप बदलतेच असं नाही. म्हणून मेलेल्या अधिकाऱ्याची तक्रार अजूनही अधूनमधून येते, आणि तिच्यापुढे मी ‘जुनी फाइल’ एवढंच लिहिते.