रंगाऱ्याचं कोटेशन मी कसं वाचलं

सहा वर्षांपूर्वी बाहेरच्या खोलीला रंग दिला, तेव्हा मी रंगाऱ्याशी बरीच घासाघीस केली होती. त्याने सांगितलेल्या रकमेतून पाचवा हिस्सा कमी करून घेतला आणि तोही फारसा वाद न घालता तयार झाला. आठ महिन्यांनी सोफ्यामागच्या भिंतीवर एक फुगा दिसला. नखाने उचकटला तर तळहाताएवढा पोपडा सरळ हातात आला आणि त्याच्या मागे पांढरी भुकटी. जुना डिस्टेंपर खरवडलाच नव्हता, रंगाच्या आधी लावायच्या प्रायमरचा तर पत्ता नव्हता. त्या माणसाचा मला फार राग आला. पण राग ओसरल्यावर एक प्रश्न मनातून जाईना. मी जो पाचवा हिस्सा कापला, तो त्याने कुठून काढायचा होता? रंगाचा डबा मला दिसणार होता, शेड मी ताडून पाहणार होते. जे मला दिसणार नव्हतं, ते त्याने कमी केलं.

या वर्षी पूर्ण घराचा रंग करायचा ठरलं. आईची खोली त्यात होती, म्हणून यावेळी चूक नको होती. मी हिशेबाचं काम करते. तीन रंगाऱ्यांची कोटेशन्स आली आणि सगळ्यात स्वस्ताचं सगळ्यात महागाच्या जेमतेम निम्मं होतं. एवढा फरक कशामुळे, हे कळेपर्यंत कुणालाच हो म्हणायचं नाही असं ठरवलं.

आधी क्षेत्रफळ. रविवारी टेप घेऊन एकेक भिंत मोजली. दहा बाय बाराची खोली आणि उंची १० फूट धरली तर चार भिंतींची मिळून लांबी ४४ फूट, म्हणजे भिंती ४४० चौरस फूट. छत १२०. एकूण ५६०. त्यातून २१ चौरस फुटांचं दार आणि १६ चौरस फुटांची खिडकी वजा केली की उरतात ५२३. असं सगळं घर मोजलं, तेव्हा २,१४० चौरस फूट आलं. एका कोटेशनात मात्र २,६२५ लिहिलं होतं. विचारल्यावर कळलं की त्याने घराचा कार्पेट एरिया, म्हणजे आतल्या जमिनीचं क्षेत्रफळ, ७५० धरून साडेतीनने गुणलं होतं. ही लबाडी नाही, अंदाज काढायची चालती रीत आहे. पण आमच्याकडे एक अख्खी भिंत कपाटांनी झाकलेली, स्वयंपाकघर आणि न्हाणीघरात वरपर्यंत टाईल्स. जिथे ब्रश लागणारच नाही अशी जागा त्या साडेतीनमध्ये आली होती, जवळजवळ पाचवा हिस्सा. मी माझ्या मापांचा कागद दाखवला. त्याने स्वतः दोन भिंती मोजून पाहिल्या आणि आकडा बदलला. खिडक्या-दारं वजा करायची की नाही, यावर मात्र मी ताणलं नाही. चौकटीच्या कडेने सरळ रेघ मारत जायला सपाट भिंतीपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि बरेच रंगारी तो वेळ त्या न वजा केलेल्या जागेत भरून काढतात. ते मला रास्त वाटतं.

मग लिटर. आम्ही निवडलेल्या इमल्शनच्या डब्यावर लिहिलं होतं की एका लिटरमध्ये एका हाताला, म्हणजे रंगाच्या एका थराला, १० ते १२ चौरस मीटर होतात, म्हणजे साधारण १०७ ते १२९ चौरस फूट. दोन हात म्हणजे ४,२८० चौरस फुटांचं काम. भागून पाहिलं तर ३३ ते ४० लिटर रंग लागणार. सगळ्यात स्वस्त कोटेशनात ‘दोन हात, २० लिटर’ असं लिहिलं होतं. वीस लिटरमध्ये एवढं काम करायचं तर प्रत्येक लिटरने २१४ चौरस फूट झाकायला हवं. एक तर एकच हात मारला जाणार, नाहीतर डब्यावर सांगितलंय त्याच्या कितीतरी पट पाणी ओतलं जाणार. ओला असताना असा रंगही छान दिसतो. वाळल्यावर जुन्या भिंतीचे डाग त्यातून डोकावतात, आणि ओल्या फडक्याने पुसायला गेलं की फडक्यालाच रंग लागतो.

रंगाचं नुसतं कंपनीचं नाव लिहिलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही. एकाच कंपनीचे चार-पाच दर्जांचे रंग असतात आणि त्यांच्या किमतीत दुपटीहून जास्त अंतर असू शकतं. कोटेशनवर मालाचं पूर्ण नाव हवं, चकाकी कुठली तेही हवं. लांबी, म्हणजे भिंत सपाट करायला लावतात ती पुट्टी, आणि प्रायमरचंही तसंच.

पण माझे डोळे उघडले ते दिवस मोजल्यावर. स्वस्तवाल्याने दोन माणसं, पाच दिवस सांगितले होते. महागवाल्याने दोन माणसं, अकरा दिवस. म्हणजे एकाचे १० माणूस-दिवस, दुसऱ्याचे २२. दोघांनीही माल आणि मजुरी वेगळी लिहिली होती, म्हणून भागाकार करता आला. स्वस्तवाल्याची मजुरी महागवाल्याच्या ६० टक्के होती, पण दिवस ४५ टक्केच. रोजाचा हिशेब काढला तर ‘स्वस्त’ रंगारीच एका माणसाच्या एका दिवसाला जवळपास एक तृतीयांश जास्त घेत होता! हा भागाकार मी तीनदा करून पाहिला. सहा वर्षांपूर्वी तो करायचं मला सुचलं असतं, तर त्या भिंतीचं तसं झालं नसतं.

महागवाल्याला मी अकरा दिवस कसे होतात ते विचारलं. तो वयाने मोठा, मी काका म्हणत होते. त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं आणि मी लिहून घेतलं. पहिला दिवस सामान झाकणं आणि खरवडणं. दुसरा भेगा उकरून भरणं. तिसरा लांबीचा पहिला हात, चौथा दुसरा. पाचवा घासणं. सहावा प्रायमर. सातवा प्रायमरनंतरची दुरुस्ती. आठवा आणि नववा रंगाचे दोन हात, दहावा दारं-चौकटी, अकरावा टचअप आणि सफाई. “ताई, अकरांतले दोनच दिवस रंगाचे,” ते म्हणाले. स्वस्त कोटेशनात लांबी ‘गरजेप्रमाणे’ होती. गरज कोण ठरवणार, ते लिहिलेलं नव्हतं.

मधल्या रंगाऱ्याबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्यावर मी जवळजवळ अन्याय केला होता. त्याचं कोटेशन म्हणजे एक ओळ: पूर्ण घर, मालासकट, उक्तं. मी ते बाजूला ठेवलं होतं. पण फोन करून विचारलं तेव्हा त्याने लांबीचे हात, प्रायमरचं नाव, कुठल्या खोलीला काय लागेल, सगळं न अडखळता सांगितलं. त्याला लिहायची सवय नव्हती, काम मात्र येत होतं. मी त्याचं बोलणं लिहून काढलं आणि त्याला वाचून दाखवलं. तेच त्याचं कोटेशन झालं. असं तिन्ही कोटेशनं एकाच मापावर आणली, म्हणजे तेच क्षेत्रफळ, तेवढेच हात, तोच माल, तर स्वस्तवाल्याची रक्कम वाढून मधल्याच्याही पुढे गेली आणि मधला व काका यांच्यात फार थोडा फरक उरला.

मग काकाच का? ते घर बघायला आले तेव्हा ४० मिनिटं थांबले होते. आईच्या खोलीत एका भिंतीवर त्यांनी बोटांनी टकटक केली आणि एका ठिकाणी पोकळ आवाज आला. खाली गुडघ्याच्या उंचीवर हात ठेवून विचारलं, “पलीकडे न्हाणीघर आहे का?” आहे. ते म्हणाले, आधी पाण्याचा बंदोबस्त करा, नाहीतर मी लावलेला रंग सहा महिन्यांत तुमच्या हातात येईल. मी खात्री करायला दीड फुटी चौकोनी प्लास्टिक भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून एक दिवस ठेवलं. आतल्या बाजूला थेंब जमले होते. बाहेरच्या बाजूला जमले असते तर ती हवेतली वाफ. आतले थेंब म्हणजे पाणी भिंतीतच होतं. नळाचा सांधा दुरुस्त करून भिंत वाळेपर्यंत काम पुढे ढकललं. ज्या माणसाने स्वतःचं काम लांबवायचा सल्ला दिला, त्याच्या आकड्यावर मी विश्वास ठेवला.

कुठे दर जास्त लागणं साहजिक आहे, हेही या निमित्ताने कळलं. गडद रंगावर फिकट चढवायचा असेल तर दोन हातांत भागत नाही. लाल आणि पिवळ्या छटा मुळातच कमी झाकतात, त्यांना एखादा जास्तीचा हात लागतो. जिन्याजवळची उंच भिंत असेल तर परांची आली. एकच खोली रंगवायची तर चौरस फुटामागे दर चढाच येतो, कारण एक हात वाळेपर्यंत माणसं बसून राहतात. पूर्ण घर असलं की तेवढ्यात ती दुसऱ्या खोलीत जातात. आणि घर खूप जुनं असेल तर घासण्याआधी विचार करावा. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, आणि जागतिक आरोग्य संघटना शिशाची कुठलीच पातळी सुरक्षित मानत नाही. तिथे कोरडं घासणं नको, ओलं घासायचं, खोली बंद करायची. त्याचे पैसे जास्त लागले तर द्यावेत.

घासाघीस मी यावेळीही केली, पण दरावर केली नाही. कामावर केली. कपाटांच्या आतल्या भिंतींना दोन हात लांबी कशाला, एक पुरे. माळ्याच्या छताला जुनाच रंग ठीक आहे, तो राहू दे. काकांनी एक दिवस आणि थोडा माल कमी केला, रक्कम खाली आली, आणि काय वगळलं ते दोघांनाही ठाऊक होतं. माल त्यांनीच आणायचा ठरला. त्यावर ते थोडं कमावणार हे मला माहीत होतं. डबे उचलून आणणं, कमी पडला तर धावपळ करणं, हेही कामच आहे. मी फक्त एवढं सांगितलं की डबे माझ्यासमोर उघडायचे आणि रिकामे घरातच ठेवायचे, शेवटी मोजायला.

पैशांचे हप्ते मात्र मी विचारपूर्वक ठरवले. मालाचे सुरुवातीला. मजुरीचा मोठा हिस्सा प्रायमर लागून भिंत तपासल्यावर. उरलेला टचअपनंतर. भिंत बघायची ती रंगाच्या आधीच. एकदा रंग चढला की खालची तयारी कुणालाच दिसत नाही, काम करणाऱ्यालाही नाही.

सहाव्या दिवशी संध्याकाळी प्रायमर वाळल्यावर आईच्या खोलीत दिवे बंद करून भिंतीला चिकटवून टॉर्च धरली. तिरप्या उजेडात बारीकसारीक खळगे, पट्टीच्या रेघा, सगळं दिसतं. मला चार जागा सापडल्या. काकांनी माझ्या हातातून टॉर्च घेतली, कानावरची पेन्सिल काढली आणि खालून वर जात एकेक गोल काढायला लागले. एकोणीस गोल झाले. मी जरा घाबरून विचारलं, आता एक दिवस वाढणार का? त्यांनी खिडकीत ठेवलेला आमचा कागद उचलला आणि सातव्या ओळीवर पेन्सिल टेकवली.