कॅलेंडरवरच्या फुल्या

परवा शाळेत बक्षिसं वाटली, त्यात शंभर टक्के हजेरीचं एक सर्टिफिकेट असतं, छान लॅमिनेट वगैरे करून. माझा मुलगा तिसरीत आहे, घरी आला, दप्तर ठेवलं आणि म्हणाला, मम्मी मला ते कधीच नाही मिळणार ना? मी म्हटलं हात धू, जेवून घे आधी. दुसरं काही सुचलंच नाही मला. रात्री मात्र झोप लागेना, म्हणून आज लिहायला बसले, तसं खूप दिवसांपासून लिहायचं होतंच.

आम्ही जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावचे. पहिलीत त्याचे ३४ दिवस बुडाले आणि दुसरीत ४१. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस शाळा धरलेली आहे, म्हणजे बघा, पाचातला एक दिवस पोरगा घरी. आणि दिवस असे मोजले की आकडा दिसतो फक्त, पण प्रत्येक दिवसाची एक सकाळ असते ना. साडेसहाला उठायचं, कपाळावर हात ठेवायचा, गरम आहे की पांघरुणात होता म्हणून वाटतंय, थर्मामीटर लावायचा, ९९ आला की अजून पाच मिनिटांनी लावायचा, मिस्टरांना विचारायचं, ते म्हणणार तूच ठरव, आणि तोवर रिक्षावाल्याचा हॉर्न.

एक गोष्ट कबूल करते. दुसरीत असताना तीन-चार वेळा मी त्याला तापाचं औषध पाजून शाळेत पाठवलं. घटक चाचणी होती, आणि मॅडमचा फोन येऊन गेला होता की हजेरी ७५ टक्के व्हायला पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्गात अडचण येईल. औषधाने ताप चार-पाच तास उतरतो, मग दुपारी शाळेतून फोन, पोरगं फणफणलंय घेऊन जा. एकदा गेले तर तो ऑफिसबाहेरच्या बाकावर एकटाच पाय जवळ घेऊन बसला होता. ते डोळ्यापुढून जात नाही माझ्या. शिवाय वर्गातल्या बाकीच्या लेकरांनाही मी ताप वाटून आले असेन, तो वेगळा दोष. आता नियम केलाय, औषध न देता पूर्ण २४ तास ताप नाही आला तरच शाळा, मग परीक्षा असो की गॅदरिंग.

त्या ७५ टक्क्यांचं मी नंतर नीट विचारून घेतलं, कारण त्याच्या भीतीने वर्षभर झोप उडाली होती. तो नियम दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेला बसणाऱ्यांचा. तिसरीतल्या मुलाला आजारपणाने हजेरी कमी पडली म्हणून मागे ठेवता येत नाही, शिक्षण हक्काच्या त्या २००९ च्या कायद्यात कलम १६ आहे त्याचंच. पुढे २०१९ मध्ये त्यात बदल झाला आणि पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आली, पण तिथेही नापास झालं तर आधी फेरपरीक्षा देतात, आणि तोही प्रश्न मार्कांचा, हजेरीचा नाही. हे मला पहिलीतच कोणी सांगितलं असतं तर! मॅडम वाईट नाहीत हो, त्यांनाही वरून विचारतात, मस्टरवर लाल रेघा दिसल्या की त्यांनाच उत्तर द्यावं लागतं. पण आई घाबरली की चुकीचंच करते, मी केलं ना.

खरी काळजी टक्क्यांची नव्हतीच, हे मला उशिरा कळलं. दुसरीत सलग नऊ दिवस तो घरी होता आणि नेमकं तेव्हाच वर्गात हातच्याची वजाबाकी शिकवली. परत गेला तेव्हा सगळे पुढच्या धड्यावर. पुढे तीन महिने ५२ मधून २८ गेले की तो ३६ लिहायचा, ८ मधून २ वजा करून टाकायचा सरळ, आणि मी ओरडायचे की लक्ष नाही तुझं. लक्ष कुठून असणार, तो त्या दिवशी सलाईन लावून झोपला होता. एका रविवारी सासूबाईंनी शेंगदाणे घेऊन बसवलं, दहा-दहाच्या ढिगल्या, एक ढिगली फोड आणि इकडे आण, तासाभरात आलं त्याला. तेव्हापासून तो घरी राहिला की संध्याकाळी मी मॅडमना एकच मेसेज टाकते, आज नवीन काय शिकवलं. अख्ख्या वह्या उतरवून काढायला लावत नाही आता, आजारी पोराला तेवढा दम नसतो.

आता मूळ मुद्दा. हा सारखा आजारी का पडतो, हे दोन वर्षं कोणी नीट बघितलंच नाही, मी पण नाही. लहान पोरांना वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होतेच, बालवाडीपासून सगळे हेच सांगायचे आणि ते खरंही आहे. प्रत्येक वेळी दवाखाना, अँटिबायोटिक, चार दिवस बरं, परत सुरू. साध्या व्हायरल सर्दीवर अँटिबायोटिक चालतच नाही, हे मला आता माहितीय, तेव्हा मीच म्हणायचे की स्ट्राँग द्या डॉक्टर, शाळा बुडतेय.

मग यंदा जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर खुणा सुरू केल्या. शाळा बुडाली की फुली, ताप असला तर बाजूला त, खोकला असला तर ख. बस एवढंच. जून-जुलैत फुल्या तुरळक. ऑगस्ट-सप्टेंबरात थोड्या, त्यात त होते, तेव्हा सगळ्या गावातच व्हायरल होतं. आणि दसरा झाला, कापूस निघायला लागला, जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यावर, गाड्यांच्या रांगा लागल्या, आणि कॅलेंडरवर नुसते ख. ख ख ख. ताप नाहीच. आमचं घर जिनिंगपासून फार लांब नाही, त्या दिवसांत दोरीवरच्या कपड्यांवर पांढरं बारीक तूस बसतं, झटकून आत घ्यावे लागतात. मी दहा वर्षं ते कपडे झटकतेय आणि कधी डोक्यात आलं नाही की हेच पोराच्या छातीतही जात असेल.

दिवाळीनंतर कॅलेंडरची पानं घेऊन जळगावला मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. एसटीत पाळधी येईपर्यंत तो खोकतच होता. डॉक्टरांनी आधी पानं बघितली, मग पोराला. खोकला रात्री की दिवसा? पहाटे. पळाल्यावर येतो? येतो. छातीत शिट्टीसारखा आवाज? येतो. घरात कोणाला दमा? मी नाही म्हणाले, आणि शेजारी बसलेल्या सासूबाई हळूच म्हणाल्या, याना बापले बी लहानपनी असंच व्हये. मिस्टर त्यांच्याकडे बघतच राहिले, त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं.

बालदमा. शब्द ऐकून मी रडले तिथेच.

पंप, म्हणजे तोंडाने ओढायचं औषध, सुरू करायचा म्हटल्यावर घरात वेगळंच सुरू झालं. सासूबाई म्हणे, पंप नको देवू व माय, सवय लागी जाई त्याले. त्यांचं चुकीचं नव्हतं, सगळीकडे हेच बोलतात, आणि मलाही आतून तेच वाटत होतं. डॉक्टरांनी सिरपची बाटली आणि पंप समोर ठेवून दाखवलं. आपण जे सिरप पाजतो त्याच्या एका चमच्यात २ मिलिग्रॅम औषध, आणि पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे वीस पट कमी, कारण ते पोटातून अंगभर न फिरता सरळ छातीत जातं. एक पंप रोजचा, सूज कमी ठेवणारा, तो घेतल्यावर चूळ भरायचीच. दुसरा निळा, धाप लागली तरच. दोन्ही स्पेसर, म्हणजे पंपाच्या तोंडाला बसणारी पोकळ नळी, लावून, कारण लहान मुलांना दाबणं आणि ओढणं एकदम जमत नाही. सासूबाईंनी ते वीस पट कमी दोनदा विचारून घेतलं, आणि आता रोज सकाळी चूळ भरली का म्हणून त्याच त्याच्या मागे असतात.

मग शाळा. निळा पंप दप्तरात ठेवला तर शाळेने काढून घेतला, औषध मुलांकडे चालत नाही, दुसरी मुलं खेळतील. ऑफिसच्या कपाटात ठेवला, कुलूप लावून. आणि एका शनिवारी पीटीला पळताना त्याला धाप लागली, चावी ज्यांच्याकडे ते बँकेत गेलेले. पीटीच्या सरांनी त्याला पुढे वाकवून बसवून ठेवलं, मला फोन केला, मी स्कूटी कशी चालवली मला आठवत नाही. त्याचे खांदे वर-खाली होत होते आणि तो बोलू शकत नव्हता. घरचा जुना पंप दिला, काही मिनिटांत श्वास खाली बसला. मी भांडले नाही. सोमवारी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन गेले, त्यात तीन ओळी लिहून आणल्या होत्या, धाप लागली की बसवा, पंप असा द्या, बोलता येत नसेल किंवा ओठ निळे दिसले तर थांबू नका, सरळ दवाखाना. आता पंप वर्गातच मॅडमच्या टेबलाच्या खणात असतो, कुलूप नाही.

डिसेंबरात आतापर्यंत दोन फुल्या. गेल्या वर्षी डिसेंबरात अकरा दिवस गेले होते.

पण हे सगळं मला जमलं कारण मी घरी असते, फोन आहे, जळगावला जायला भाडं आहे. आमच्या मागच्या गल्लीतली एक ताई कापूस वेचायला जाते, किलोवर पैसे, एक दिवस घरी बसली तर तेवढं गेलं. तिचं धाकटं आजारी पडलं की मोठी पोरगी शाळा सोडून त्याला सांभाळते, आजारी एक आणि गैरहजर दोघं. आणि मोठीलाही पहाटे तसाच खोकला आहे, मी ऐकते ना भिंतीपलीकडून. तिला मी जुनं कॅलेंडर द्यायला गेले तर म्हणाली, ताई मले लिवता येत नाही. मग चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने रेघ मारायची ठरलं, रात्री खोकली की एक रेघ. काल बघून आले, पंधरा दिवसांत नऊ रेघा. सोमवारी ती वेचायला जात नाही. तेव्हा सकाळच्या एसटीने आम्ही तिघी जळगावला जाणार आहोत, भिंतीचा फोटो मी मोबाईलमध्ये काढून घेतलाय.